खिडकीकडचा

“तहान लागलीय हिला, बाई. आजार काही नाही. नुसती तहान.”

एवढंच तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहतही नव्हते. नणंदेचं शिलाई मशीन काउंटरवर ठेवून मी दाराकडे वळले होते, कारण पायरीवर ठेवलेली पिशवी कुणाच्यातरी पायात येईल असं वाटलं. आणि पाठीमागून ते शब्द आले. आधी जिभेचा एक बारीकसा टक्. मग भरभर, एकमेकांना ढकलत निघालेलं बोलणं. आणि शेवटच्या शब्दाआधी एक थांबा, जिन्याची शेवटची पायरी चढताना माणूस दम घेतो तसा. माझा उजवा हात आपोआप कानाशी गेला आणि कानावर दाबून राहिला. दुपारचे तीन वाजलेले, रस्त्यावर ऊन, समोरच्या दुकानात एक माणूस फळ्यांना रंग देत होता, आणि मी भर दुकानात कानावर तळहात दाबून वाकलेली. बोटांना रबराची ऊब लागली. रबर तिथं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी होतं. हा आवाज मला पाठ होता, अगदी आईच्या हाकेसारखा पाठ होता. आणि ज्याचा होता तो माणूस मेलेला होता.

मी वळले. काउंटरपलीकडे एक बुटका माणूस मशीनचं चाक बोटानं फिरवत होता. चांगलाच बुटका. हनुवटी मशीनच्या पाठीला लागेल इतकीच त्याची उंची, आणि तीही पायाखाली लाकडी खोकं घेतलेलं म्हणून. टक्कल, कानात पेन्सिल, मिशीला तेलाचा डाग. “परवा या,” तो म्हणाला. बोलण्यावर परक्या मुलखाचा हेल होता, पण तो नसता तरी मी ओळखलं असतं. “परवा ही गाणं म्हणेल. आज नुसती रडते.” पुन्हा तो टक्, पुन्हा तो थांबा. मला एकच गोष्ट कळत होती आणि ती कळून काहीच कळत नव्हतं: मेलेला माणूस उंच होता. हे मी स्वतः पाहिलेलं नव्हतं, पण फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं. मी पावती न घेताच बाहेर पडले. तो मागून ओरडला, “अहो बाई, पावती! मशीन तुमचंय, माझं नाही!” समोरचा रंगारी हसला. मी चालत राहिले. पिशवी पायरीवरच राहिली.

लढाईच्या काळात मी काय करत होते हे माझ्या घरात कुणाला माहीत नाही. आमच्याकडे समज असा, की मी सैन्याच्या कपड्यांच्या कोठारात मोज्यांच्या जोड्या मोजत होते. आमचे हे चारचौघांत सांगतात, “आमच्या हिनं लढाई मोज्यांवर जिंकली.” नणंद त्यावर म्हणते, “म्हणून घरात एकाही मोज्याला जोडी सापडत नाही.” मी हसते. मरेपर्यंत बोलणार नाही अशी शपथ घेऊन सही केली होती आणि चोवीस वर्षांच्या मुलीला मरण म्हणजे फार लांबचा शब्द वाटतो. खरं म्हणजे मी शहराबाहेरच्या एका मोठ्या घराच्या तळघरात बसून कैद्यांचं बोलणं ऐकायचे. शत्रूच्या पाणबुड्या बुडाल्या की पाण्यातून काढलेले खलाशी आधी त्या घरात आणत. वर छान खोल्या, स्वच्छ चादरी, खोलीत दोघं दोघं. छतातल्या दिव्याच्या खोबणीत मायक्रोफोन. तिथून तार भिंतीतून उतरून खाली आमच्या टेबलापर्यंत. चौकशीच्या खोलीत खलाशी तोंड उघडत नसत. त्यांना तसं शिकवलेलंच असे. पण चौकशीहून परत आले, की चादरीवर अंग टाकून जोडीदाराला सांगत, ‘गाढवाला एवढंच विचारायचं होतं, आणि हे तर विचारलंच नाही.’ ते ‘हे’ आम्हाला हवं असायचं. माझी मावशी त्या मुलखात दिलेली. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्यांच्या बंदरावर काढलेल्या. त्यामुळं त्यांची नुसती भाषा नाही, तर धक्क्यावरच्या शिव्यासुद्धा मला येत होत्या. ते काम मला मिळालं ते त्या शिव्यांवर.

आणि कानावर. माझे वडील गाऊन प्रवचन करायचे. देवाची एक ओळ गायची, ती बोलून उलगडायची, हसवायचं, रडवायचं, आणि लोक वितळले की पुन्हा तीच ओळ. मी मागं उभी राहून सूर धरायची. मला अजूनही त्यासारखं दुसरं सुख ठाऊक नाही. कुठं कुणी असं गात बसलेलं कळलं, की मी भाजी अर्धी चिरलेली ठेवून जाते. वडिलांनी मला डोळे मिटून सभा ऐकायला शिकवलं. तिसऱ्या रांगेतला खोकला कुणाचा, उसासा कुणाचा, कोण ऐकतोय आणि कोण ऐकल्याचं सोंग करतोय. ते म्हणायचे, “देव आवाजावरून ओळखतो गं, नाव विचारत बसत नाही.” तळघरात पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना म्हणाले होते, माझा कान चुकत नाही. मास्तर म्हणजे आमचे चौकशी अधिकारी. लढाईआधी ते शाळा तपासनीस होते आणि कैद्यांशीही ते परीक्षेला घाबरलेल्या मुलांशी बोलावं तसंच मऊ बोलायचे. “कान चुकत नाही?” ते म्हणाले होते. “मग ताई, तुम्हाला बढती नको. चुकणाऱ्यांना देऊ.”

ऐकणाऱ्यांनी कैद्याचा चेहरा पाहायचा नाही, हा तिथला नियम होता. वरच्या मजल्यावर पाऊलही टाकायचं नाही. चेहरा पाहिला की माणूस आवाजात नसलेलं ऐकू लागतो, असं मास्तर म्हणत. मग कोण बोलतंय हे लिहायचं कसं? तर तळघरात एक फळा होता. कैदी आले, की पहारेकरी खाली निरोप द्यायचा आणि आम्ही खडूनं लिहायचो. त्या खोलीसमोर लिहिलं होतं: खिडकीकडे – उंच. दाराकडे – बुटका. मायक्रोफोन खिडकीच्या बाजूला जवळ होता, म्हणून खिडकीकडचा आवाज भरून यायचा आणि दाराकडचा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. कागदावर आम्ही नुसतं ‘खि’ आणि ‘दा’ लिहायचो. त्या खोलीवर पहिले सहा दिवस दुसरी मुलगी होती. तिला ताप आला, म्हणून सातव्या दिवशी तो रबरी हेडफोन माझ्या कानावर आला. सहा दिवसांत दोघं फारसं बोललेच नाहीत, असं ती सांगून गेली. भिजलेली मांजरं आहेत नुसती. आणि माझ्या पहिल्याच सकाळी खिडकीकडचा बोलू लागला, तो तेरा दिवस थांबला नाही.

काय बोलायचा! बहिणीचं लग्न, बोटीवरच्या स्वयंपाक्यानं केस कापताना कान कसा कापला, घड्याळाच्या आत किती माणकाचे दगड असतात, पाणबुडीत महिनाभर आंघोळ नसली की माणसाला स्वतःचाच वास शेजारी दुसरं कुणी बसल्यासारखा कसा येतो. मला तोंडावर हात ठेवून हसावं लागे. आवाज कोरायच्या मेणासारख्या तबकडीवर सुई चालली, की काळ्या केसांसारखी बारीक कुरळी साल निघायची आणि ती मी मऊ कुंचल्यानं झाडायचे; सुई कधी टेकवायची आणि कधी उचलायची हे आमच्यावर होतं, कारण तबकड्या मोजक्या. कामाचं असलं तर टेकवायची. त्याचं बोलणं बहुतेक कामाचं नसायचंच. मी सुई न टेकवता नुसती ऐकत बसायचे. शत्रूला ऐकतेय हे विसरून. दाराकडचा मात्र ‘हं’ म्हणायचा. खोकायचा. विहिरीच्या तळातून एक हं, एक खोकला. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. सभेत मागं बसणाऱ्या माणसाकडे असतं तेवढंही नव्हतं.

नवव्या दिवशी तो म्हणाला, आणि मी सुई टेकवली: “दर महिन्याच्या अखेरीला, बेटाच्या दक्षिणेला. तेलाचं जहाज तिथं येऊन थांबतं, आपल्या बोटी तिथं पोटं भरून घेतात. मावसभाऊ आहे माझा त्यावर, त्यानंच सांगितलं. तिकडं कुत्रं फिरकत नाही म्हणे.” कागदावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, खि. त्या महिन्याच्या अखेरीला बेटाच्या दक्षिणेला आपली विमानं गेली. जहाज जळालं. माझं कौतुक झालं, मास्तरांनी मला एक संत्रं दिलं. तेव्हा संत्रं मिळणं म्हणजे काय ते आता सांगून कळणार नाही.

त्याआधीच, मी लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, मास्तरांनी नेहमीचं केलं. एखाद्याचं तोंड सैल आहे असं आमच्या कागदावरून कळलं, की ते त्याला चौकशीच्या खोलीत न नेता बागेत न्यायचे. सिगारेट पेटवून द्यायचे, झाडांची नावं सांगायचे, गावातल्या हॉटेलात जेवायला घालायचे. मऊ पडलेला माणूस आणखी मऊ पडतो. कागदावर ‘खि’ होतं, फळ्यावर ‘खि – उंच’ होतं. म्हणून उंच माणूस तीन दिवस बागेत फिरला. सगळ्या खोल्यांच्या खिडक्या बागेवरच उघडायच्या. चौथ्या दिवशी मास्तर खाली आले आणि खुर्चीत पडले. “ताई, तुमचा पोपट बागेत मुका होतो हो. तीन दिवसांत तीन शब्द. त्यातले दोन ‘नको’, एक खोकला.” मी म्हणाले, “सर, खोलीत तर धबधबा आहे!” “मग तुम्हीच चला बागेत.” आम्ही दोघं हसलो. तपशीलवार आठवतं मला ते हसणं. माझ्या हातात कुंचला होता, मास्तरांनी चष्मा काढून पुसला. खोलीत बोलणारा बागेत मुका आणि बागेत खोकणारा खोलीत न खोकणारा; एवढं समोर मांडलेलं होतं. मी मास्तरांना पुढचा विनोद सांगितला.

दोघांना पुढं उत्तरेकडच्या मोठ्या छावणीत धाडलं. दोन महिन्यांनी मास्तरांनी एका ओळीचा कागद दाखवला: त्या खोलीतला उंच कैदी छावणीच्या कपडे वाळवायच्या खोलीत फासाला लटकलेला सापडला. त्याच्याच लोकांनी केलं असावं. रात्री अंथरुणात मी ती घड्याळातल्या दगडांची गोष्ट पुन्हा मनात ऐकली आणि उशी दातात धरली. बडबड्या होता बिचारा. तो बोलला, मी लिहिलं, तो मेला. लढाईत असं असतं, असं म्हणून मी ते गिळलं. गिळता येण्यासारखं होतं ते. दरवर्षी त्या तारखेला मी देवापुढं बसून त्याच्यासाठी हात जोडते. नाव माहीत नाही, म्हणून तो आवाज मनात लावते: टक्, भरभर, थांबा. देवा, हा ज्याचा आहे त्याला जवळ घे. बावीस वर्षं झाली.

“वहिनी, कानात बोळे घातलेत का?” नणंद माझ्यासमोर उभी होती. मी घरी कशी आले ते मला आठवत नव्हतं. “मशीन कुठाय? पावती कुठाय? पिशवी तरी कुठाय?” “राहिली.” “काय राहिली?” “पिशवी.” “आणि तुम्ही तेवढ्या परत आलात, ते बरं केलंत.” तिनं मला पाण्याचा पेला दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहून आवाज खाली आणला. “चक्कर आली का? भाऊला फोन करू?” मी मान हलवली. पाणी पिऊन टाकलं. सारखे आवाज असतात, मी स्वतःला सांगत होते. एकाच बंदरावरची दोन माणसं, एकच हेल, एकच टक्. बावीस वर्षांत कान म्हातारा होतो. पण कान म्हातारा झाला नव्हता, हे कानालाच ठाऊक होतं. आणि तो खोटं बोलत नसेल तर मग फळा खोटा होता. आणि फळा खोटा असेल तर बागेत कुणाला नेलं? दोन दिवस मी हे एकाच जागी उभं राहून पाहिलं. भात करपला. आमचे हे म्हणाले, “मोजे मोजतेयस का अजून?” मला पहिल्यांदा त्यांना मारावंसं वाटलं. सगळ्यांत वाईट होतं ते संध्याकाळी हात जोडून बसल्यावर. ओठ हलेनात. तो आवाज लावायला गेले आणि तो बाजारामागच्या गल्लीतल्या त्या दुकानातून उत्तर देऊ लागला: तहान, बाई, नुसती तहान. मी बावीस वर्षं एका जिवंत माणसाच्या आत्म्याला शांती मागत होते. खऱ्या मेलेल्याला कुणी काही मागितलंच नव्हतं. त्याचा आवाज मनात आणायला गेले तर विहिरीच्या तळाशी एक खोकला, बस.

तिसऱ्या दिवशी गेले. पिशवी काउंटरवर घडी करून ठेवलेली होती. “मशीन विसरतात लोक, पिशवी विसरतात. तुम्ही दोन्ही,” तो म्हणाला, आणि चाक फिरवून दाखवलं. सुई सरसर चालली. “बघा, गातेय.” मला त्याच्याशी काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप त्याची भाषा निघाली, त्याच्या बंदराची, मावशीच्या परसातली. “खिडकीकडे तुम्ही झोपत होता की दाराकडे?” असं नाही विचारलं, तेवढं धैर्य नव्हतं. मी म्हणाले, “छान केलंत हो, हात सोन्याचा आहे.” त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. “कुठल्या तुम्ही?” मी मावशीच्या गल्लीचं सांगितलं, धक्क्यावरच्या दोरवाल्याचं सांगितलं. तो खोक्यावरून उतरला, आणखी बुटका झाला, काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि स्टूल पुसून माझ्यापुढं ठेवलं. “बसा. देवा रे! बसा. बावीस वर्षांत ही बोली ऐकली नाही मी. बायको इथली, ती म्हणते तू झोपेत भांडतोस, ते काय भांडतोस कळत नाही.”

मग त्याला काही विचारावंच लागलं नाही. तो तसाच होता. गुडघ्यावर हात ठेवून मी ऐकत बसले, आणि अंगावर काटा आला तो या गोष्टीचा की मला ते सोयीचं वाटत होतं. जागा ओळखीची होती. पाणबुडी, पाणी, पकडले गेले ते, मोठं घर. “चादरी काय होत्या, सांगतो! आईनं लग्नात दिल्यासारख्या. मी आणि माझा दोस्त, एका गल्लीतले. तो ताडासारखा, मी हा असा. लोक म्हणायचे शिडी आणि बादली. त्याला छातीचा खोकला होता, खिडकीतून वारा यायचा. मी म्हटलं, तू दाराकडे ये बाबा, मला वारा लागत नाही, मी जमिनीलगत असतो.” तो हसला. “केव्हा?” मी विचारलं. “काय केव्हा?” “जागा कधी बदललीत?” त्याला प्रश्न विचित्र वाटला नाही, बोलणाऱ्या माणसाला कुठलाच वाटत नाही. “पाचसहा दिवसांनी असेल. पहारेकऱ्यानं पाहिलं, म्हणाला, झोपा कुठंही, मेल्यांनो.” माझ्या कानात तबकडी नुसतीच फिरू लागली, सुईशिवाय, घरघर. पहारेकऱ्यानं पाहिलं होतं. फळ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण तसं सांगायचा नियम नव्हता. आणि मी कधी विचारलं नव्हतं, कारण माझा कान चुकत नव्हता.

“मेला तो,” बुटका म्हणाला. आवाज खाली गेला, विहिरीत गेला. “फितूर निघाला. बागेत त्यांच्या साहेबाबरोबर फिरायचा, सिगारेटी ओढायचा. आम्ही वरून पाहायचो. मी विचारलं तर म्हणे, मलाही कळत नाही ते मला का नेतात. छावणीत माझा मावसभाऊ आला, पोळलेला, तेलाच्या जहाजावरून वाचलेल्या सहांतला एक. त्यानं मला धरलं: जहाजाची जागा तू कुणाला सांगितलीस? मी म्हटलं, फक्त त्याला. खरंच फक्त त्यालाच सांगितली होती हो. मग छावणीतल्या आमच्याच लोकांनी कपडे वाळवायच्या खोलीत सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, हात वर करा.” तो आपल्या हाताकडे पाहत होता, जणू तो मशीनचा सुटा भाग आहे. “मीही केला. तो माझ्याकडेच बघत होता. काही बोलला नाही. बोलायचाच नाही तो फारसा.” गल्लीतून कुणीतरी ‘कात्रीला धार झाली का’ असं विचारलं आणि तो ‘उद्या’ म्हणाला. “म्हणून गेलो नाही परत. त्याची म्हातारी अजून आहे, माझ्या बहिणीच्या दारासमोर. बंदरावर बोटीतल्या मेलेल्या सगळ्यांची नावं दगडात कोरलीत. त्याचं सोडून. बहीण लिहिते, म्हातारी रोज दगडापर्यंत चालत जाते, वाचते आणि परत येते. पण फितुराचं नाव कोण कोरणार?”

मी शपथ आठवली. सही आठवली. आमच्या ह्यांची पेन्शन, मुलीचं सरकारी नोकरीतलं सासर, नणंदेचं तोंड. सगळं भरभर येऊन दारात उभं राहिलं. आणि मी गप्प बसले तर हा माणूस शांत मरेल, हेही आलं. फितुराविरुद्ध हात वर केला, एवढंच ओझं घेऊन मरेल; ते वाहता येण्यासारखं होतं, माझं होतं तसं. मला ते त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं आणि बदल्यात काय द्यायचं होतं ते मला दिसत होतं. देवा, मी मनात म्हटलं.

“दिव्याच्या खोबणीत मायक्रोफोन होता,” मी म्हणाले.

“कुठल्या?”

“तुमच्या खोलीतल्या. छतातल्या. तार भिंतीतून तळघरात. तिथं मी होते. तो फितूर नव्हता. तुम्ही बोललात, मी ऐकलं. आणि खिडकीकडे उंच माणूस आहे, असं समजून मी ते त्याचं म्हणून लिहिलं. बागेत तुम्हाला न्यायचं होतं.”

तो उठला. मला वाटलं आता मारेल. मी डोळे मिटले. पण तो छताच्या दिव्याकडे पाहत होता, स्वतःच्या दुकानातल्या. “तार कितीची?” त्यानं विचारलं. “जाड की बारीक? गिलाव्यात पुरलेली? मग दमट हवेत खरखर येत असेल.” “यायची.” “मी दिवा दोनदा पुसला होता. दोनदा. माझ्या हाताला काही लागलं नाही.” तो तसाच वर बघत राहिला. मग बसला, जमिनीवरच, खोक्याला टेकून. “काय बोललो होतो मी? शब्द सांगा.”

मी सांगितले. त्याच्याच भाषेत, त्याच्याच वेगानं. मला दुसऱ्या वेगानं येतही नव्हते. दर महिन्याच्या अखेरीला, बेटाच्या दक्षिणेला. पोटं भरून घेतात. कुत्रं फिरकत नाही म्हणे. एकवीस वर्षांचा पोरगा दुकानात बोलून गेला आणि त्रेचाळीस वर्षांचा माणूस तोंड उघडं टाकून त्याला ऐकत होता. रस्त्यावरून एक गाडी गेली, काचा थरथरल्या.

“आणि तो काय म्हणाला त्यावर?”

सुई मी तोवर उचलली होती. कागदावर लिहिलं होतं, ‘यापुढं कामाचं काही नाही.’ पण हेडफोन कानावर होता. एक खोकला आला होता, मग विहिरीच्या तळातून त्या तेरा दिवसांतलं त्याचं सगळ्यांत लांब बोलणं. बावीस वर्षं ते माझ्यात पडून होतं, आणि कुणी मागितलं नव्हतं म्हणून मीही मागितलं नव्हतं.

“तो म्हणाला, गप. हे मलासुद्धा सांगायला नको होतंस. आता तू विसर, मीही विसरतो.”

त्यानं तोंडावर हात दाबला. मिशीचा तेलाचा डाग गालभर पसरला. कितीतरी वेळ तो बोलला नाही, आणि त्या माणसाचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटी तो गुडघ्यावर हात रेटून उठला, काउंटरखालून पावत्यांचं पुस्तक काढलं, मागचा कोरा कागद फाडला आणि पेन्सिल कागदावर ठेवून माझ्यापुढं सरकवला. “लिहा. कोण काय म्हणालं ते नीट लिहा. खाली तुमचं नाव घाला. बंदरावर धाडतो.” “मी सही केलीय, बोलणार नाही म्हणून.” “मीही हात वर केला होता,” तो म्हणाला.

मी पेन्सिल उचलली. आधी माझं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरचंही, म्हणजे मागं फिरता येऊ नये. मग दिव्याचं, तारेचं, फळ्याचं, बदललेल्या जागांचं. अक्षर पूर्वीसारखंच स्वच्छ येत होतं, त्याची लाज वाटली. मग ‘दा’ लिहिलं आणि थांबले. दाराकडचा. उंच. बागेतला. एका माणसाला मी कितीतरी नावं दिली होती, आणि त्यातलं एकही त्याच्या आईला ओळखता आलं नसतं.

“त्याचं नाव काय?” मी विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. जिभेचा टक् झाला. पुढं काही आलं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. मग त्यानं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि ‘दा’वर रेघ मारून शेजारी स्वतःच लिहिलं, मोठ्या वाकड्या अक्षरांत, लहान मुलं पाटीवर लिहितात तसं. कागद माझ्याकडे फिरवला. नाव चांगलंच लांब होतं, आजोबांचं, वडिलांचं, गल्लीचं सगळं त्यात होतं. मी ते एकदा मोठ्यानं वाचलं.

“हो,” तो म्हणाला. “तोच.”